येसू घाडीण आणि न फळणारी झाडं

ऐका, आणि मधे हसू नका. हसण्यासारखं यात काही नाही.

फार फार मागे आमच्या या उतारावर रातांब्याची, म्हणजे कोकमाची, शेकडो झाडं होती आणि एकासारखं दुसरं नव्हतं. एकाचं फळ चिंचेहून आंबट, एकाची साल भाकरीएवढी जाड, एक तर बाकीच्यांच्या महिनाभर आधीच पिकायचं. काही झाडांना नुसती फुलं यायची, फळ कधीच नाही. येसू घाडीण प्रत्येक झाड ओळखून होती, असं म्हणतात. तिला मूल नव्हतं, म्हणून गावात तिची ओटी कुणी भरत नसे. मेल्यांना लाज नव्हती!

मग खोताच्या डोक्यात खूळ शिरलं. मोठ्या लाल फळांची तेवढी झाडं ठेवायची, बाकीची तोडायची. आधी न फळणारी, मग बारक्या फळांची. येसू आडवी आली.

"खोतानू, ती नर झाडां. त्यांच्या फुलांशिवाय तुमची मोठी फळां धरूची नाय."

खोत सगळ्यांदेखत म्हणाला, "वांझेक वांझ झाडांचो पुळको!"

आणि गाव काय करत होतं? दात काढत होतं! आमचेच खापरपणजे, दुसरे कोण. महिनाभर कुऱ्हाडी चालल्या. शेवटी येसूच्या खोपटामागे एकच नर झाड उरलं. तिने त्याला मिठी मारली. घाव बसला आणि कुऱ्हाडीचं पातं मेणासारखं वाकलं, असं म्हणतात. म्हणतात कसलं, वाकलंच!

पुढच्या साली फुलं आली नि गळून गेली; एकटा नर साऱ्या उताराला पुरेना. त्याच्या पुढच्या सालीही तेच. सोलं, म्हणजे फळांची वाळवलेली साल, विकून तांदूळ आणणारी घरं उपाशी बसली. तेव्हा खोत येसूच्या दारात आला, मान खाली घालून.

"आता इलास?" येसू एवढंच म्हणाली.

मी असतो तर एक फूल दिलं नसतं. पण ती उठली. त्या नराची फुलं ओंजळीत घेऊन उतारावरच्या एकेका झाडापाशी गेली. ओंजळ काही रिती झाली नाही, असं म्हणतात. शेवटच्या झाडापाशी ती पोचली आणि पुन्हा कुणाला दिसली नाही. त्या वैशाखात फांद्या फळांनी जमिनीला टेकल्या.

लवकर पिकणारं झाड मात्र कुऱ्हाडीखाली गेलं ते गेलंच. त्याचं बी कुणी राखलं नव्हतं. म्हणून आजही आमची सोलं वाळायच्या आत पावसात भिजतात. भोगा!

आता दर वैशाखात गावातली पहिली ओटी मूल नसलेल्या बाईची. उरलेल्या प्रत्येक झाडाचं एकेक फळ तिच्या पदरात पडतं. त्यांच्या बिया ती घरोघर वाटते, आणि रोप नर निघालं तरी ते उपटायची कुणाची छाती नाही. ओटी भरायची ती खोताच्या घरच्या सुनेने, आणि भरताना म्हणायचं, "येसू आये, आमचां चुकला."

हळू म्हटलं, तर आम्ही पुन्हा म्हणायला लावतो.