हौसाक्काचा धोंडा

तो ओढ्याकाठचा काळा धोंडा बघितलात? ज्याच्यावर ओंजळीएवढा खळगा आहे, तो. त्याला हळदकुंकू वाहू नका हं. हौशी पाहुणे वाहून जातात आणि धुवत बसावं लागतं गावाला. देव नाही तो. खोरवाडीची हौसाक्का तिथं बसली होती, असं सांगतात.

फार जुनी गोष्ट. गावात मरीची साथ आली आणि हौसाक्काचा नवरा गेला. पदरात तान्हा गोंदा, जन्मापासून मान जराशी तिरकी असलेला. आपणही गेलो तर याला कोण बघणार, या धास्तीनं तिनं मरीआईच्या पायरीवर डोकं टेकलं आणि मला नेऊ नकोस म्हणून हट्ट धरला. पुजारणीच्या अंगात देवी आली, म्हणे, आणि एवढंच बोलली, "नाही नेत. कधीच नाही नेणार."

बाईला आभाळ ठेंगणं झालं! गोंदा वाढला, त्याचं लग्न झालं, पोरंबाळं झाली. मग गोंदाही म्हातारा झाला, दात पडले, आणि आईच्याच मांडीवर त्यानं डोळे मिटले. दहाव्याला ओढ्यावर पिंड ठेवला. पिंपळावर कावळे जमले, पण एकही खाली येईना. शेत राखतो, म्हातारीला सांभाळतो, पोरांनी सगळी वचनं दिली. कावळा ढिम्म. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

पुढं नातू गेला, पणतू गेला. दर वेळी तेच. घरातल्या लहान पोरांना तर तिला हाक काय मारावी तेच कळेना; खापरपणजीच्या पुढं नातं कुठंय? माजघरात ती बसलेली असे आणि पोरं भिंतीला घासून पलीकडं जात. पिंपळावरचे कावळे मात्र वाढत गेले. ओरडत नसत. तिच्या दाराकडं तोंड करून नुसते बसत.

खापरपणतूच्या दहाव्याला ती सरपटत ओढ्यावर आली, धोंड्यावर बसली आणि तिनं वर पाहिलं. सगळ्यांत पुढच्या फांदीवर एक कावळा होता. मान तिरकी.

"गोंदा, माझ्यासाठी थांबलास व्हय रं?" ती म्हणाली. "चल बाळा. येते मी."

तिनं पिंड आपल्याच ओंजळीत घेतला. कावळा उतरला, शिवला. पिंपळ एका क्षणात रिकामा झाला आणि धोंड्यावर नुसतं लुगडं उरलं, अन् ओंजळ टेकली होती तिथं हा खळगा. देवीनं शब्द मोडला नाही, म्हणतात. हौसाक्काला तिच्या लेकानं नेलं.

आजही खोरवाडीत दहाव्याला लोक शेतीवाडीची, पोराबाळांची वचनं देतात. त्यानं कावळा हलत नाही. मग घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस या खळग्याशी वाकतं आणि हळूच म्हणतं, "येतो रं, माझी वेळ झाली की." मगच कावळा उतरतो.