थिजलेलं खोबरेल

फार जुनी गोष्ट, बरं का. एका नगरात एक तेली होता. नुसत्या वासावरून तो तेल कुठल्या घाण्याचं ते सांगे. मात्र आपल्याच मालाने माणूस कसा फसतो, ते ऐका.

त्याची एकुलती एक लेक मार्गशीर्षात लग्न होऊन सात नद्यांपलीकडे जाणार होती. तेल्याला घास गोड लागेना. निदान तिचा चेहरा तरी घरात राहावा, म्हणून दसरा होताच तो म्हाताऱ्या चिताऱ्याकडे तैलचित्र शिकायला गेला.

चितारी म्हणाला, "नाक-डोळे मी शिकवीन. रंग मात्र जवसाच्या तेलातच खलायचा."

"आजोबा, तेलातलं मला नका सांगू," तेली हसला.

रोज तो लेकीला खिडकीशी बसवी.

"बाबा, मान अवघडली."

"जरा थांब. नाक राहिलंय."

"कालही नाकच राहिलं होतं."

हळूहळू हात वळला. पण शेवटचं चित्र काढताना तेल्याला जवसाचा उग्र वास नकोसा झाला. लेक केसांना लावायची ते खोबरेल त्याने रंगात खललं. थंडीचे दिवस, चित्र घट्ट बसलं. लेक सासरी गेली. तेली त्या वासापाशी ताट घेऊन बसू लागला.

चैत्राचं ऊन तापलं आणि चित्रातली हनुवटी गळ्यावर ओघळली. चित्र आडवं धरून तेली चिताऱ्याकडे धावला.

चिताऱ्याने बोट लावून हुंगलं. "अरे, गावाला तेल विकतोस आणि थिजलेल्याला सुकलं समजलास?"

"तिचा वास राहावा म्हणून..."

"जवसाचं तेल वाऱ्यावर सुकतं, तेव्हा रंग धरतो. पुन्हा काढ."

"आता ती समोर कुठे आहे?"

"मग दोन महिने बघत काय होतास?"

तेली आठवून आठवून काढू लागला. एक थर सुकेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. पावसाळ्यात तर एकेक थर महिना घेई. मधल्या वेळात दुकान होतं, शेजारी होते. घासही पुन्हा गोड लागू लागला.

दिवाळीला लेक आली. चित्राजवळ जाऊन तिने नाक मुरडलं. "बाबा, चेहरा माझा आणि वास गुरांच्या पेंडीचा?"

मग तिने चित्रातल्या गालावरून बोट फिरवलं. बोट कोरडंच राहिलं.

"नाक जमलं हं," ती हळूच म्हणाली.

सण सरला, लेक परत गेली. तेल्याने डोळे पुसले आणि भिंतीकडे पाहिलं. चेहरा जागच्या जागी होता.

तात्पर्य: आठवण थिजवून ठेवली तर ओघळते, सुकायला सवड दिली, तरच टिकते.