किती वाढू?

फार मागची गोष्ट, आपल्या पणजीच्या पणजीलाही ऐकूनच ठाऊक असलेली. दूर समुद्रात आयर्लंड नावाचं हिरवंगार बेट आहे. तिथल्या एका खेड्यात ओर्ला नावाची बाई नवऱ्यामुलांसह राहायची.

जेवायला काय, तर बटाटे! सकाळी बटाटे, दुपारी बटाटे, आणि कंटाळा आला तर रात्री पुन्हा बटाटेच. पण चव काय होती म्हणून सांगू! ओर्ला ते सालांसकट काळ्या हंड्यात उकडायची, वेताच्या पसरट टोपलीत निथळायची आणि टोपली हंड्याच्या तोंडावरच ठेवायची. सगळे भोवती बसायचे, अंगठ्याच्या नखाने साल काढायचे, बटाटा मिठाला टेकवायचे आणि वर ताकाचा घोट घ्यायचे. कोणी किती खाल्ले, कोण बघतंय? असं जेवण आता कुठलं मिळायला!

दार उघडंच असायचं. शेजारचा एकटा म्हातारा टायग त्याच वेळी "या घराला देव सुखी ठेवो" म्हणत यायचा आणि दाटीत घुसून बसायचा. त्या वर्षी त्याच्या वीतभर रानातले सगळे बटाटे कुजले होते. हे मात्र त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

एकदा ओर्लाने जमीनदाराकडे टेबल पाहिलं आणि तिच्या मनाने घेतलं. नवऱ्याने बिचाऱ्याने टेबल ठोकून दिलं. थाळ्या आल्या. "आता आपण माणसांसारखं जेवू," ओर्ला म्हणाली.

संध्याकाळी टायग आला. ओर्लाने प्रेमाने खुर्ची ओढली, थाळी मांडली आणि विचारलं, "टायगबाबा, किती वाढू?"

तिच्या मनात वाकडं काही नव्हतं हो! पण म्हाताऱ्याला हे कधी कोणी विचारलंच नव्हतं. मुलं टकामका बघत होती. तो ओशाळला.

"दोन बास, पोरी."

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "एकच दे." पुढे म्हणाला, "जेवूनच आलोय, जरा शेकायला बसतो." मग तो यायचाच थांबला.

'बाबांचं पीक चांगलं आलेलं दिसतंय,' ओर्लाला वाटलं.

एके दुपारी लोणी काढल्यावर ती त्याला ताक द्यायला गेली. चूल थंड होती, हंडा कोरडा ठणठणीत. टायग अंथरुणावर पडला होता, नुसता हाडांचा सापळा.

"बाबा, जेवलात?"

"भरपेट," तो म्हणाला. ताकाचा पेला हातात धरवेना त्याला.

ओर्लाला रडू कोसळलं. "खोटं बोलता! आमच्याकडे काय कमी होतं? मागायचं की!"

"इतकी वर्षं मागावं लागलंच नाही गं," टायग म्हणाला. "मग मागायला शिकणार कुठून?"

त्या संध्याकाळी ओर्लाने नवऱ्याच्या मदतीने गरम हंडाच उचलून टायगच्या घरी नेला. सगळे जमिनीवर बसले. ओर्लाने काही विचारलं नाही. चटके सोसत ती बटाटा सोलायची आणि त्याच्या हातात द्यायची, तो संपला की पुढचा.

म्हातारा वाचला. पण त्याच्या पायांतली ताकद गेली ती गेलीच. ओर्लाच्या दारात तो पुन्हा कधी चालत आला नाही.

म्हणून लेकरांनो आणि लेकरांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात ठेवा: वाढणाऱ्याने मोजायला सुरुवात केली, की भुकेला माणूस पोट भरल्याचं सांगतो.