मानाची पाटी

फार पूर्वी एका आखातातला मासा संपला, आणि तो थोरल्या तांडेलाने संपवला. हे आधीच सांगून टाकतो, कारण म्हातारी माणसं ही गोष्ट सांगतात तेव्हा समुद्राला नावं ठेवतात आणि तांडेलाला सोडून देतात.

त्या आखाताच्या काठावर तीन गावं होती. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. हा सगळ्या तांडेलांत वयाने मोठा, म्हणून थोरला. त्याला तीन मुलगे. मासे कमी झाले तसे दोघे लांबच्या बंदरावर निघून गेले. धाकटा तेवढा उरला होता आणि त्याची बायको पोटुशी होती.

"एक मोसम बघतो, बाबा," धाकटा म्हणाला. "मासे परतले तर राहतो. नाहीतर आम्हीही जातो."

म्हातारा घाबरला. त्याने तिन्ही गावांना वाळूवर बोलावलं.

"मासा काय गावाची शीव बघून पोहत नाही," तो म्हणाला. "तुम्ही सोडलेला आम्ही धरतो, आम्ही सोडलेला तुम्ही धरता. तेव्हा तिघांनी मिळून ठरवू. एका होडीने दिवसाला पाच पाट्या. भरल्या की जाळं वर."

शहाणपणाचं बोलला, हे कबूल केलं पाहिजे. सगळ्यांनी नारळावर हात ठेवून होकार दिला. पाट्या मोजायलाही त्यालाच बसवलं.

पहिल्याच संध्याकाळी त्याच्या स्वतःच्या होडीतून सहा पाट्या उतरल्या.

"थोरले, ही सहावी कुठली?" दुसऱ्या गावच्या तांडेलाने विचारलं.

"ही मानाची. थोरल्याच्या घरी रोज एक जाते, माझ्या आज्यापासून. मानाची पाटी मोजत नसतात."

लोकांनी ती पाटी जाऊ दिली. मोठ्या माणसाला अडवायचं नसतं, असं सगळ्यांना लहानपणापासून शिकवलेलं. शिकवणारे कोण, तर मोठी माणसंच.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाने देवीच्या मानाची पाटी आणली. देवीला नाही कसं म्हणणार? तिसऱ्या गावाला वाटलं, आम्ही काय बिनमानाचे? त्यांनी जावयाच्या मानाची आणली. मग व्याह्याची आली, वैद्याची आली, होडी बांधणाऱ्या सुताराची आली. एकाने तर मेलेल्या आजोबांच्या मानाची आणली. "त्यांना बांगडे फार आवडायचे हो," तो म्हणाला. थोरल्याने तीही न मोजता जाऊ दिली.

मोजणी रोज पाचच भरायची.

आणि मासे रोज कमी व्हायचे. जी पाटी दुपारपर्यंत भरायची, ती भरायला दिवस मावळू लागला. कोणालाच काही कळेना. पुन्हा सगळे वाळूवर जमले.

"आम्ही पाचच काढतो."

"आम्हीही पाचच."

"देवीची शपथ, पाचच!"

मग मासा गेला कुठे? एक म्हणाला, वारा फिरलाय. दुसरा म्हणाला, पाणी तापलंय. तिसऱ्याने शेजारच्या गावाकडे बोट दाखवलं आणि शेजारच्या गावाने त्याच्याकडे. थोरला डोकं धरून बसला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि तेच जास्त वाईट.

तेवढ्यात त्याची सून पुढे आली. दिवस भरत आले तरी पाट्या तीच वाहायची.

"मामंजी, आपल्या होडीतून रोज किती निघतात?"

"पाच."

"काल मी नऊ वाहिल्या. माझ्या टाळूला विचारा."

लोक हसले.

"अगं, वरच्या चार मानाच्या होत्या. एक माझी, बाकी देवीची, व्याह्याची, वैद्याची."

"त्यांत काय असतं?"

"मान असतो, सूनबाई."

"मी उतरवते तेव्हा तर बांगडेच असतात. आता अंड्यांवर आलेलेसुद्धा."

धाकटा म्हणाला, "बाबा, त्या मीच भरतो, मलाही कळत नव्हतं. तुम्ही आपल्या मानाच्या सोडा. तुमच्या सुटल्या की दुसरं कोणी तोंड उघडणार नाही. सगळ्यांच्या मोजता येतील."

तिन्ही गावं थोरल्याकडे बघत होती. म्हातारा एकदा पाट्यांकडे बघे, एकदा मुलाकडे.

"मानाची पाटी मीच सोडली," तो म्हणाला, "तर मोजायला तरी मला कोण बसवेल?"

उत्तर सोपं होतं, पण तिथे मोठ्या माणसांचीच गर्दी होती.

"नाही," थोरला शेवटी म्हणाला. "पाच ठरल्यात, पाचच निघतात. चूक दुसरीकडे शोधा."

मग तिन्ही गावं चूक दुसरीकडे शोधत बसली.

मोसम संपायच्या आत जाळ्यात बोटभर पिल्लं येऊ लागली. ती मानाच्या पाट्यांत गेली. मग नुसता गाळ यायला लागला. एका सकाळी धाकट्याने होडीत भांडीकुंडी ठेवली, बायकोला हात धरून बसवलं.

"अरे, नियम मोडला कोणी, तेवढं तरी सांगून जा!" म्हातारा काठावरून ओरडला.

"कोणीच नाही, बाबा," धाकटा म्हणाला आणि त्याने वल्हं मारलं.

तात्पर्य लागतंच ज्यांना, त्यांच्यासाठी: मर्यादा घालणाऱ्याने आधी स्वतःची सवलत मोजावी, कारण न मोजलेला मासाही मेलेलाच असतो.

थोरल्याचा तिसरा मुलगा परत आला नाही. नातवाचं तोंड म्हाताऱ्याने कधी पाहिलं नाही.