कुठं ठेवलंय त्याला?

"उठवणारच होता, तर रडला कशाला?"

सिलासने पवित्र शास्त्र धाडकन मिटलं. पुन्हा उघडलं. चर्चच्या ओसरीवर त्याच्या येरझाऱ्या थांबत नव्हत्या.

ओहोळ पाळक पायरीवर बसून शेंगा फोडत होते.

"खाली बस आधी. फरशी झिजवशील."

रविवारी सिलासला उपदेश करायचा होता. आयुष्यातला पहिलाच. हा शास्त्रभाग खरं तर आला होता त्याच्या थोरल्या भावाच्या, गिदोनच्या वाट्याला. पण विहीर खोदताना दरड कोसळली आणि गिदोन गेला. पाळकांनी त्याचा उपदेश सातवीत शाळा सोडलेल्या धाकट्यावर सोपवला.

"पाळकबाबा, पुढच्याच बाकावर रूथवहिनी बसणार. मी वाचणार, लाजर मेला, येशू उशिरा आला, रडला, आणि मग त्याला कबरेतून उठवलं. ती माझ्या तोंडाकडे बघणार. विचारणार, माझा नवरा का नाही उठवला? काय सांगू मी? उत्तर सापडलं नाही ना, तर मी उभाच राहणार नाही!"

"रडला, त्याच्या आधी काय लिहिलंय?"

सिलासने बोट फिरवलं. "विचारलं, त्याला कुठं ठेवलंय."

"येशूला ठाऊक नव्हतं?"

"देवाचा पुत्र तो! ठाऊक नसेल?"

"मग विचारलं कशाला?"

"घ्या! मी एक विचारतो, तुम्ही दुसरंच काढता."

पाळकांनी मांडीवरची टरफलं झटकली.

"गिदोनला कुठं ठेवलंय रे?"

सिलास थबकला. "म्हणजे? तुम्हीच तर प्रार्थना केलीत..."

"चल. दाखव मला."

कबरस्तान चर्चच्या मागेच होतं. पण सिलास तिकडे फिरकला नव्हता. त्या दिवशी पेटी खाली सोडली, तसा तो तोंड फिरवून पळाला होता. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. सख्ख्या भावाने नाही.

आत क्रूस न लावलेल्या काही कबरी होत्या. सिलास एकीपाशी गेला. वाकला. मग दुसरीपाशी. परत पहिलीपाशी.

"बाबा... यातली कोणती?"

पाळक फाटकाजवळच्या दगडावर बसले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"सांगा ना, बाबा!"

"अहो, माझा भाऊ आहे तो!"

आवाज फाटला. सिलास दोन कबरींच्या मधे मटकन बसला. कोणत्या मातीवर हात ठेवावा, तेही त्याला कळेना. ओक्साबोक्शी रडला. पाळकांनी त्याला रडू दिलं.

मग हळूच म्हणाले, "रूथ रोज येते इथं."

सिलासने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. "तिला विचारू? कोणत्या तोंडानं?"

"आहे त्याच."

"आणि तिनं उलट विचारलं तर? उठवला का नाही म्हणून?"

पाळकांनी डोळे उघडले.

"येशूनं विचारलं, तेवढंच विचार तिला. ती पुढं चालेल. तू मागून जा."