पार्वताचं इंग्रजी

लेण्यांच्या पायथ्याशी गाइडच्या परवान्याची तोंडी परीक्षा चालली होती. परीक्षक सबनीस साहेब विलायतेत दोन वर्षं राहून आलेले, आणि ते कुणाला विसरू देत नसत.

“‘हिट द रोड’ म्हणजे काय?” त्यांनी पार्वता दांडगेला विचारलं.

“नाही माहीत, साहेब.”

“म्हणजे ‘चला, निघूया’! खरा इंग्रज असंच बोलतो. साधे वाक्प्रचार येत नाहीत आणि म्हणे गाइड व्हायचंय! नापास.”

पार्वता जागची हलली नाही. समोर झाडाखाली जपान, कोरिया, ब्राझीलचे बारा पर्यटक गाइडची वाट बघत बसले होते.

“साहेब, त्यांना तेवढं उठवून दाखवा की.”

साहेब ऐटीत पुढे झाले. “लेट्स हिट द रोड!” बाराही जण नुसते बघत राहिले. साहेबांनी आवाज चढवला, आणखी दोन वाक्प्रचार फेकले. कुणी हललं नाही.

पार्वता हात करून म्हणाली, “कम विथ मी. केव्ह, टेन मिनिट्स. वॉटर देअर.”

बाराही जण उठले.

चार पायऱ्या चढून ती वळली. “परवान्यावर सही करून ठेवा साहेब, उतरताना नेते. तुमचं इंग्रजी कळायला खरा इंग्रज लागतो. माझं कळायला नुसता माणूस पुरतो.”