बांधावरचं सीताफळ

झाडं एकमेकांशी बोलायची त्या काळात पेरूच्या एका बागेत एक रीत होती. बाहेरून आलेल्या जिवाने आधी पंधरा दिवस बांधावरच्या म्हाताऱ्या सीताफळावर राहायचं, मगच बागेत यायचं.

एकदा वाऱ्यावर एक इवलीशी कीड आली, पीठ फासल्यासारखी पांढरी. तिच्या अंगातून गोड रस पाझरायचा, म्हणून मुंग्यांना ती फार आवडली.

"एवढासा जीव, खाऊन खाऊन किती खाणार? आम्ही तिला आजच उचलून पेरूवर नेतो," मुंग्यांची मुकादमीण म्हणाली.

वाटेत सरडेआजी बसली होती. "ती किती खाते ते राहू दे. तिला पोरं किती होतात आणि इथे तिला खाणारं कोण आहे, ते सांग."

"ते कसं कळणार?"

"पंधरा दिवसांनी कळेल. ठेव तिला सीताफळावर."

पंधरा दिवसांत सीताफळ पांढरंफटक पडलं. एकीच्या शेकडो झाल्या होत्या आणि त्यांना खाणारं बागेत कुणीच नव्हतं; ते पीठ सरडेआजीच्याही तोंडाला चालेना. मुकादमीण मान खाली घालून उभी राहिली.

"मी सोसेन," सीताफळ म्हणालं. "पेरू वाचले ना."

सोळाव्या दिवशी लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा एक भुंगेरा आला. "मी फक्त किडे खातो. बागेत येऊ का?"

मुकादमीण आडवी आली. "सगळे असंच सांगतात. आधी पंधरा दिवस सीताफळावर."

भुंगेऱ्याने सीताफळाकडे नीट पाहिलं.

"थोडे जास्त दिवस राहिलो तर चालेल का?" त्याने विचारलं.